दारातली खोट

१

घडायचं ते घडून गेल्यावर सगळे धाकटीला म्हणाले, तुला दिसत होतं तर आधी सांगायचं नाही का. सांगितलं होतं. सासऱ्याला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, जावेच्या पाया पडून सांगितलं. पण एखादीला घरानं एकदा तोंडाळ ठरवली, की ती आग लागली म्हणून ओरडली तरी लोक आधी विचारतात, आज कुणाशी भांडलीस.

तोंड होतंच तिचं तसं. चौथीतून शाळा सुटली आणि गोड बोलायचा धडा बहुतेक पाचवीत असावा. दिसेल ते बोलायची. पण न दिसलेलं कधी बोलली नाही, हे त्या घराच्या भिंतींनाही माहीत होतं. भिंतींना विचारतंय कोण.

घरचा धंदा नकला करायचा. तोंडाच्या नव्हे, चित्रांच्या. सासऱ्याला सगळी वस्ती मास्तर म्हणायची. मास्तरांनी जन्मभर एकाच चित्रकाराची भक्ती केली. स्पेनमधला, काही शतकांपूर्वीचा, राजाच्या पदरी असलेला, जगभर नाव झालेला. ते नाव घरात कुणाच्या जिभेवर नीट बसलं नाही, म्हणून सगळे त्याला स्पेनवालाच म्हणायचे. जसं काही दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान आहे.

त्याचं एक चित्र म्हणजे या घराची भाकरी. मोठी उंच खोली. मधोमध पाचेक वर्षांची राजकन्या, फुगलेल्या झग्यात. आजूबाजूला दासी, एक ठेंगणी बाई, डोळे मिटून पडलेला कुत्रा. एका बाजूला भल्यामोठ्या कॅनव्हासमागे हातात ब्रश घेतलेला खुद्द स्पेनवाला. मागच्या भिंतीत एक उघडं दार, दाराला पडदा, दारात ऊन, उन्हात चार पायऱ्या आणि पायऱ्यांवर काळ्या कपड्यांतला एक माणूस. तो येता येता थांबलाय की जाता जाता, हे आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, चित्राचा वरचा अर्धा भाग, नुसता अंधार.

मास्तर हे चित्र समजावून सांगायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. जवळून बघा, म्हणायचे, नुसते फटकारे आहेत, काहीच नाही. चार पावलं मागं सरा, झाली की नाही लेस? झाला की नाही केस? हा माणूस कापड रंगवत नाही, मधली हवा रंगवतो. हे ऐकून ऐकून धाकटीला पाठ झालं होतं. पण खरं सांगायचं तर तिलाही दर वेळी चार पावलं मागं सरल्यावर अंगावर काटा यायचा.

कामाच्या वाटण्या ठरलेल्या. नवरा चौकटी ठोकायचा, कॅनव्हास ताणायचा, जमीन आणि कुत्रा रंगवायचा. चेहरे थोरलीचे. थोरली म्हणजे धाकटीची जाऊ. मोठा दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हात मात्र असा, की तिनं शेवटी डोळ्यांत पांढरी टिकली ठेवली की रंगाचा गोळा वळून तुमच्याकडे बघायला लागायचा. डोळे सगळ्यात शेवटी आणि ते फक्त थोरलीनं, हा घरचा नियम. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या वाट्याला अंधार आला. वरचा अर्धा भाग. चुकायला तिथं काहीच नाही, असं मास्तर म्हणाले होते. तेव्हापासून ती अंधार भरत होती आणि अंधारवाली हे नाव मिरवत होती.

आणखी एक नियम होता. नक्कल अस्सल म्हणून खपायला नको, म्हणून प्रत्येक नकलेत एक खोट मुद्दाम ठेवायची. या घराची खोट म्हणजे तो दारातला माणूस. तो काढायचाच नाही. दार उघडं, ऊन भरलेलं, पायऱ्या रिकाम्या. गिऱ्हाईक राजकन्या बघतं, कुत्रा बघतं, पैसे देऊन जातं. दारात कुणी नाही, हे आजवर एकालाही कळलं नव्हतं.

२

एका नव्या सभागृहाच्या मालकानं अस्सलाच्या मापाची नक्कल मागितली. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. कामाच्या खोलीत ती जेमतेम मावली. खोली लांबट, उंच खिडक्या एकाच बाजूला, ये-जा करायला एकच दार, तेही बोळात उघडणारं. बोळात नळ, नळापलीकडे वर राहत्या खोल्यांकडे जाणारा जिना. काम फक्त दिवसाउजेडी. दिव्याखाली रंग खोटं बोलतात, असं मास्तर म्हणायचे.

एवढ्या मापाला छापील चित्र पुरेना. कापडावरचा उजेड कागदावर मरून जातो, अशी थोरलीची तक्रार. मग तिनं तारेचा सांगाडा वळला, त्यावर जुने पडदे शिवले, खळ लावून ताठ केले, आणि असा फुगीर झगा झाला की तो कुणी आत नसलं तरी आपला आपण उभा राहायचा. आत उभं राहायला पोर हवी होती. घरात एकच पोर, धाकटीची चिमी, सहा वर्षांची.

चिमीला तर हवंच होतं. मोठीआई झगा घालणार, मोठीआई केस विंचरणार, मोठीआई म्हणणार हलू नको गं माझी राणी. दुपारची जेवणं उरकली की चिमी त्या तारेच्या घुमटात शिरायची, पाठीमागे नाड्या बांधल्या जायच्या, आणि ती कॅनव्हासकडे तोंड करून उभी. धाकटी शिडीवर अंधार भरायची आणि वरून लेकीच्या भांगाकडे बघायची. ही एरवी ताट वाढेपर्यंत दहा उड्या मारणारी पोर इतकी गप्प कशी राहते, याचं तिला आधी कौतुक वाटलं.

अशाच एका दुपारी दारातल्या उन्हात तिला डाग दिसला. नखाएवढा, काळपट. माशी बसली असेल म्हणून तिनं फुंकर घातली. माशी नव्हती. आपल्याच ब्रशातून थेंब उडाला म्हणावा, तर दारापासून ती हातभर लांब. तिनं चिंधी घेतली आणि पुसला. चिंधीला ओला काळा रंग लागला.

त्या बाजूचा तिचा अंधार केव्हाच वाळून खडखडीत झाला होता.

३

दुसऱ्या सकाळी डागाला खांदे आले होते.

सगळ्यात वरच्या पायरीवर, उन्हाला पाठ करून, काळ्या कपड्यांतला माणूस उभा होता. डोकं होतं, तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी ओल्या पिठासारखा नुसता फिकट गोळा. मास्तरांनी बघितलं आणि पहिला प्रश्न धाकटीला. हे काय आहे? खोटेची जागा कुणी भरायला सांगितली? ती म्हणाली, मी नाही भरली. मास्तर नवऱ्याकडे वळून म्हणाले की तुझी बायको आता अंधारातून माणसं काढायला लागली.

घरात सगळ्यांनी एकच अर्थ लावला. हिला चेहरे दिले नाहीत, त्याचा सल आहे, म्हणून चोरून माणूस काढून बघितला आणि तोंड जमेना म्हणून तसाच सोडला. चोराच्या उलट्या बोंबा. अर्थ इतका चपखल बसत होता की क्षणभर धाकटीलाही वाटलं, झोपेत उठून आपणच केलं की काय. तिनं आपली नखं तपासली. नखांत काळा होता. पण अंधार भरणारीच्या नखांत दुसरं काय असणार?

नवरा समंजस. भांडण वाढू नये म्हणून त्यानं निराळं कारण शोधलं. कॅनव्हासवर आकार उतरवायला त्यांच्याकडे खाका असायचा. कागदावर चित्राच्या रेघांनी टाचणीची भोकं पाडलेली. त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की खाली ठिपके उमटतात. खाका अस्सलावरून घेतलेला, तेव्हा त्यात दारातला माणूसही होताच. फक्त त्याच्यावर कागदाचं ठिगळ चिकटवलेलं. ठिगळ सुटलं असेल, तो म्हणाला, पूड खाली गेली असेल, आणि तेलात ती वर आली असेल. कधी कधी येते.

खाका उलगडून बघितला. ठिगळ जागच्या जागी, कडा घट्ट.

मास्तर म्हणाले, मग स्पेनवाला स्वतः येऊन काढून गेला म्हणायचा. सगळे हसले. थोरलीही हसली, आणि हसता हसता त्या पिठाच्या गोळ्याकडे बघत राहिली.

माणूस खरवडून काढायचं काम अर्थातच धाकटीला. सुरीच्या पात्याखाली रंग लोण्यासारखा निघाला. खरडायचा तो बारीक आवाज तिच्या दाढांत गेला. सगळं निघाल्यावर खाली स्वच्छ ऊन उरलं, पूर्वी भरलेलं. सुरी पुसलेला कागद तिनं चुलीत घातला. पोरीला कुशीत घेऊन झोपली. सकाळी उठून खाली गेली तर तो होता. फक्त आता वरच्या पायरीवर नव्हता. दुसऱ्या पायरीवर होता.

४

खालच्या पायरीवर आला म्हणजे जवळ आला, म्हणजे मोठा दिसायला हवा. तसा तो थोडा मोठा होता. हे तिनं नवऱ्याला दाखवलं. नवरा म्हणाला की अगं, तू आधीचा खरवडलास, हा नवा आहे, जरा इकडेतिकडे होणारच. म्हणजे हाही मीच काढला? नवऱ्यानं खिळे मोजायला घेतले. त्याच्या न बोलण्याचा तिला इतका राग आला की दिवसभर ती त्याच्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली.

तिनं स्वतःशी वाद घातला. रंग जागा बदलत नाही. तेल घसरतं, पण ते सरळ खाली घसरतं, पायरी बघून पाय टाकत नाही. कुणीतरी काढतंय. कोण? मास्तरांचे हात आता थरथरतात. नवऱ्याला माणूस जमत नाही. त्याचा कुत्रासुद्धा कधी कधी उशीसारखा दिसतो. थोरलीनं काढला असता तर तोंडासकट काढला असता. राहिलं कोण?

एकदा जेवणानंतर सगळे वर असताना ती खडूचा डबा आणायला खोलीत गेली. खिडक्यांतून ऊन आलेलं, धूळ तरंगत होती. झगा एकटाच उभा. तिनं डबा उचलला आणि मागं पाऊल वाजलं. एकच. दगडी पायरीवर चामडी तळ टेकावा तसं. दुसरं वाजलं नाही. ताणलेला कॅनव्हास हवेनं सैल पडला की चौकटीवर आपटतो, हे तिला माहीत होतं. हजारदा ऐकलं होतं. तो आवाज लाकडाचा असतो.

तिनं मान वळवून बघितलं. माणसाचा एक हात आता भिंतीवर होता. पंजा उघडा, बोटं फाकलेली, भिंत चाचपत असल्यासारखा. दुसरा हात पुढं, रिकाम्या हवेत.

त्या दुपारी थोरलीनं चिमीला उभी केली तेव्हा धाकटी शिडीवर चढलीच नाही. कोपऱ्यात बसून लेकीकडे बघत राहिली. पोर हलत नव्हती. नाकावर माशी बसली तरी हलली नाही. थोरली रंग आणायला आतल्या फळीकडे गेली, तशी चिमी ओठ न हलवता म्हणाली,

"आई, त्या काकांना दिसत नाही का गं?"

"कुठल्या काकांना?"

"दारातल्या. ते हातानं शोधतात."

धाकटी कोपऱ्यातून उठली. तिनं विचारलं, "म्हणून तू हलत नाहीस?"

"आवाज झाला तर त्यांना कळेल ना मी कुठंय."

धाकटीनं तिथल्या तिथं नाड्या सोडल्या, पोरीला झग्यातून उपसून काढली आणि वर नेली. मागून थोरली विचारत होती, काय झालं, अगं काय झालं. रात्री जेवताना धाकटीनं सगळं सांगितलं. पोरीचे शब्द जसेच्या तसे. मास्तर घास चावत ऐकत राहिले आणि मग म्हणाले की पोरीच्या डोक्यात हे कुणी भरलं ते उघड आहे. वाघ दाखवायचा आणि मग पोर घाबरली म्हणून ओरडायचं. नवरा म्हणाला, एवढं काम होऊ दे, मग पोरीला घेऊन चार दिवस माहेरी जा.

चिमी मात्र वरण कालवत बसली होती, एकही शीत न सांडता.

५

धाकटीनं ठरवलं, ऐकावं जनाचं, करावं मनाचं. तिला चेहरे येत नव्हते, हात येत नव्हते; अंधार येत होता. सकाळी सगळे चहाला बसले असताना तिनं मोठ्या वाटीत काळा कालवला. नुसता काळा नव्हे. तपकिरी, निळा, थोडा लाल, असा तिचा नेहमीचा, ज्यात नजर गेली की परत येत नाही. रुंद ब्रश घेतला आणि दार भरून टाकलं. ऊन, पायऱ्या, पडदा, तो माणूस, सगळं. दोन हात दिले. भिंत अखंड झाली. दार कधी नव्हतंच.

मास्तरांनी ते बघितलं आणि ते खुर्चीवर बसले. ओरडलेसुद्धा नाहीत. इतकी वर्षं त्या चित्राची पूजा केलेला माणूस; त्या दाराच्या उजेडावर सगळी खोली श्वास घेते, असं सांगायचे. ते एवढंच म्हणाले की हिला उद्यापासून खोलीत येऊ देऊ नका. नवऱ्यानं कुलूप आणलं. किल्ली मास्तरांच्या कमरेला गेली. धाकटीला काही वाटलं नाही. उलट तिला त्या रात्री गाढ झोप लागली.

सकाळी खालून मास्तरांनी हाक मारली. हाक वेगळीच होती. लग्नात नवरदेवाला बोलवावं तशी.

दार परत उघडं होतं. ऊन पूर्वीपेक्षा लख्ख. पडदा बाजूला सारलेला. आणि शेवटच्या पायरीवर, एक पाय खोलीच्या जमिनीवर टेकवून, तो उभा होता. काळ्या कपड्याची घडी न् घडी जिवंत. जवळून नुसते फटकारे. चार पावलं मागं सरलं की हवा हलत होती. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. किल्ली आपल्याच कमरेला होती, हे त्यांच्या ध्यानात तरी आलं नसेल, किंवा येऊ दिलं नसेल. ते म्हणाले, "धाकटे, मी तुला ओळखलं नाही. हात आहे तुला. स्पेनवाल्याचा हात आहे."

हे ऐकण्यासाठी ती लग्नापासून थांबली होती. अंधार भरता भरता मान मोडून गेली, पण कधी कुणी म्हणालं नाही की बरा भरलास. आता घराण्याचा कर्ता डोळ्यांत पाणी आणून म्हणत होता. नुसती मान खाली घातली असती तरी चाललं असतं. नवरा खुणेनं सांगत होता, घाल.

"मामंजी, मी नाही केलं," ती म्हणाली.

मास्तर हसले. म्हणाले, आता कसला राग? खोटेचा नियम मीच केला, मीच मोडतो. हा राहू दे. गिऱ्हाईकानं अस्सल मागितलं, अस्सल मिळेल. फक्त याला तोंड नाही. तोंड थोरली देईल.

६

थोरलीला तिनं नळावर गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं जावेचे पाय धरले. म्हणाली की जाऊबाई, नाक द्या, कान द्या, मिशा द्या, पाहिजे तर टोपी द्या. डोळे देऊ नका. त्याला दिसत नाही म्हणून माझी पोर अजून घरात आहे.

थोरलीनं तिला उठवलं. ती हसली नाही, रागावली नाही. हा तिचा स्वभाव, लोकांना आवडायचा. तिनं धाकटीच्या गालावरचा रंग पदरानं पुसला.

"नाही देत. चिमीची शपथ."

चिमीवर तिचा जीव होता, यात खोट काढायला धाकटीलाही जागा नव्हती. तापात पोरीच्या उशाशी जागणारी तीच, पोरीचं पहिलं पाऊल बघितलं तेही तिनंच. म्हणून धाकटीनं विश्वास ठेवला. चार दिवस पोरीला वरच ठेवली, आपल्या नजरेखाली. चिमी चुळबुळ करायला लागली, उड्या मारायला लागली, ताट सांडलं, मार खाल्ला. धाकटीला बरं वाटलं. पोर पोरीसारखी वागत होती.

चित्र न्यायला गाडी यायची होती त्या दिवशी दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. चिमी वरच्या खोलीत चित्रं काढत बसली होती. खालून नवऱ्याच्या हातोडीचा आवाज येत होता, बाहेरच्या पेटाऱ्याला खिळे ठोकण्याचा. चादर पिळली, झटकली, दांडीवर टाकली. मग ध्यानात आलं की हातोडी थांबली आहे, आणि बाकीही काहीच वाजत नाही.

खोली रिकामी. ती जिना उतरली. बोळात नळापाशी थोरली पाठमोरी उभी होती, सगळ्यात बारीक ब्रश बोटांनी चोळून धूत होती. दोन केसांचा असतो तो. पाण्यातून पांढरं वाहत होतं.

"चिमी कुठंय?"

"आत. मीच बोलावलं गं, शेवटचं एकदा ताडून बघायला. राजकन्येच्या डोळ्यांत चमक ठेवायची होती, पोरीच्या बघून ठेवली." ब्रश उजेडात धरून तिनं टोक तपासलं. "त्यालाही डोळे दिले. रागावू नकोस. बिनडोळ्यांचं माणूस मला बघवत नाही. असा हात पुढं करून उभा होता बिचारा. दोन टिकल्या फक्त."

धाकटी दारात पोचली तेव्हा खोलीत ऊन होतं, टर्पेंटाइनचा वास होता, आणि झगा होता. ताठ, फुगलेला, पाठीमागच्या नाड्या बांधलेल्या. एकही गाठ सुटलेली नव्हती. झग्याच्या गळ्याच्या जागी नुसतं भोक.

ती कॅनव्हासजवळ गेली. जवळून नुसते फटकारे होते. तिनं चार पावलं मागं घेतली.

पायऱ्या रिकाम्या होत्या. दारात कुणी नव्हतं, घरच्या नियमाप्रमाणे. पडदा तेवढा अजून स्थिर झाला नव्हता. आणि पडद्याची कड कुणीतरी मुठीत धरून चुरगाळली होती. मोठ्या माणसाचा हात पोचतो तिथं नाही. खूप खाली.

७

शोधायचं तिथं सगळं शोधलं. पेटारा उघडला, गच्ची बघितली, टाकीत काठी घालून बघितली. खोलीला एकच दार, ते बोळात, बोळात थोरली, आणि थोरलीच्या समोरून कुणी गेलं नव्हतं. नवरा रस्त्यावर होता. त्याच्याही समोरून नाही. धाकटीनं नखांनी चित्र फाडायला घेतलं तेव्हा दोघांनी तिला धरून ठेवली. गाडी आली तशी परत गेली, आणि आठवडाभरानं पुन्हा आली. शब्द दिलेला होता, मास्तर म्हणाले. पण त्यानंतर ते चार पावलं मागं सरा असं कुणाला म्हणाले नाहीत. चित्राकडे पाठ करून बसायला लागले.

पोलीस आले. साहेब वयस्कर होता, शांतपणे विचारत होता. शेजाऱ्यांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की घरात भांडणं होती, आई डोक्यानं जरा तशीच आहे, रात्री उठून माणसं काढते. नवऱ्यानं तिच्या बाजूनं चार वाक्यं सांगितली. पाचवं सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. थोरली कोपऱ्यात बसून झग्याच्या नाड्या सोडत होती. एवढ्या बारीक हाताच्या बाईला एक गाठ सुटेना.

साहेबानं धाकटीला विचारलं की तुमचा कुणावर संशय आहे? एक नाव सांगा.

तिनं खरंच विचार केला. तोंडाळ होती, पण अन्यायी नव्हती. दार रिकामं ठेवायचा नियम मास्तरांचा. पण रिकाम्या दारानं कुणाला ओढून नेलं नव्हतं. ठिगळ लावणारा नवरा. ठिगळ तर घट्ट होतं. अंधार तिचा स्वतःचा होता, आणि त्या अंधारातून तो आला असेलही. पण आला तो आंधळा. भिंत चाचपत आला होता, आणि चाचपत तसाच परत गेला असता. पोर हलली नव्हती, पोरीनं श्वाससुद्धा जपून घेतला होता.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात. इथं देवानं दिले नव्हते. ती साहेबाकडे बघत होती, पण बोलली कोपऱ्याकडे बोट करून, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"थोरली."